एल्ब्रिज गेरी : चार सह्यांची गोष्ट

आमच्या बेळगाव तालुक्यात २००८ सालापूर्वी उचगाव नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. बागेवाडी नावाचाही होता. २००८ च्या निवडणुकीत ही दोन्ही नावे मतदारयादीवरून नाहीशी झाली आणि बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण व बेळगाव ग्रामीण अशी नवी नावे आली. उचगाव जागच्या जागी राहिले, तेथील मळे, देऊळ, शाळा सर्व काही होते तेथेच राहिले. मतदारही तेच. हलली ती फक्त नकाशावरची रेघ. मतदारसंघाची सीमा ही नदी किंवा डोंगरासारखी निसर्गाने घातलेली नसते, ती माणसेच आखतात, ही साधी गोष्ट अशा वेळी आपल्या ध्यानात येते.

आपल्याकडे ही रेघ कोण आखतो ते पुढे पाहूच. परंतु ही रेघ आखण्याचे काम निवडणूक लढविणाऱ्यांच्याच हाती दिले तर काय होते, याचे उत्तर जगाने एका शब्दात साठवून ठेवले आहे. तो शब्द म्हणजे जेरीमँडर. राज्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात तो सापडतो. आपल्या पक्षाला सोयीचे होईल अशा बेताने मतदारसंघाची सीमा वेडीवाकडी आखणे, असा त्याचा अर्थ. या शब्दाच्या पोटात एका माणसाचे आडनाव दडले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाचे नाव एल्ब्रिज गेरी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांपैकी हा एक. असा माणूस एका लबाडीच्या नावाने कसा काय ओळखला जाऊ लागला, हे पाहण्यासाठी त्याच्या चरित्राकडे वळू.

गेरी यांचा जन्म १७ जुलै १७४४ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील मार्बलहेड या बंदरात झाला. त्या वेळी अमेरिका हा देश अस्तित्वात नव्हता, इंग्लंडच्या राजाच्या वसाहती तेवढ्या होत्या. वडील टॉमस गेरी इंग्लंडमधून आलेले, आधी जहाजावर कप्तान आणि मग व्यापारी. मार्बलहेडचा सारा जीव मासळीवर. कॉड नावाचा मोठा मासा पकडायचा, खारवायचा, वाळवायचा आणि जहाजे भरून स्पेनला व वेस्ट इंडीज बेटांना पाठवायचा, हा तेथला धंदा. आपल्या बाजारात कोकणातून येणाऱ्या सुक्या मासळीच्या टोपल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या गावाचा वास कसा असेल हे सांगायला नको!

मुलगा हुशार निघाला. वयाच्या चौदाव्या वर्षी तो हार्वर्ड कॉलेजात दाखल झाला. १७६२ साली पदवी आणि १७६५ साली पुढची पदवी घेऊन तो घरी परतला व वडिलांच्या पेढीवर बसला. म्हणजे आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर गेरी हे मुळात निर्यातदार. माल, भाडे, विमा, हुंडी यांचा हिशेब करता करताच ते मोठे झाले. व्यापाऱ्याला सहीची किंमत ठाऊक असते. कागदावर नाव लिहिले की ते नाव बांधले जाते. गेरी यांच्या आयुष्यात अशा चार सह्या येतात. त्यांपैकी तीन त्यांनी केल्या आणि एक नाकारली. त्या चौघींच्या अनुरोधाने त्यांचे चरित्र नीट लक्षात राहते.

इंग्लंडच्या पार्लमेंटने वसाहतींवर एकामागून एक कर बसवले आणि त्यांचा पहिला फटका बंदरांना बसला. १७७२ साली गेरी प्रांताच्या विधिमंडळात निवडून आले. तेथे सॅम्युएल ॲडम्स या जहाल पुढाऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि ते चळवळीत ओढले गेले. परंतु लोकांचा पहिला धडा त्यांना इंग्रजांकडून नव्हे, आपल्याच गावाकडून मिळाला. मार्बलहेडमध्ये देवीची साथ आली होती. गेरी व त्यांच्या काही मित्रांनी जवळच्या एका बेटावर देवी टोचण्याचे रुग्णालय उभारले. टोचल्याने रोग उलट पसरेल या भयाने गावकरी बिथरले आणि १७७४ च्या जानेवारीत जमावाने ते रुग्णालय जाळून टाकले. गेरी खिन्न झाले व काही काळ सार्वजनिक कामातून बाजूला सरले. लोकांच्या हक्कांसाठी झगडायचे आणि लोकांच्या झुंडीला मनातून भ्यायचे, ही जी द्विधा पुढे त्यांच्यात जन्मभर दिसते, तिचे मूळ बहुधा या आगीत असावे.

त्याच वर्षी इंग्रजांनी बॉस्टनचे बंदर बंद केले. त्या शहराची उपासमार होऊ नये म्हणून इतर वसाहतींतून येणारे धान्य व सामान मार्बलहेडला उतरू लागले. ते साठवणे, मोजणे, पुढे पाठवणे या कामात गेरी पुन्हा पुढे आले. लढाईची चिन्हे दिसू लागली तेव्हा स्पेनमधल्या आपल्या जुन्या व्यापारी ओळखी वापरून त्यांनी दारूगोळा व शस्त्रे मिळवण्याची खटपट केली. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ते मेनोटोमी गावातील एका खाणावळीत आपल्या दोन सहकाऱ्यांसह मुक्कामाला होते. लेक्झिंग्टनकडे निघालेली इंग्रजी पलटण त्या रात्री त्याच वाटेने आली. शिपाई खाणावळीत शिरले तेव्हा हे तिघे अंगावरच्या झोपेच्या कपड्यांनिशी मागील दाराने शेतात पळाले आणि थंडीत पडून राहिले. त्या तिघांपैकी जेरेमाया ली हे थोड्याच दिवसांत तापाने वारले. दुसऱ्या दिवशी पहाटे लेक्झिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली.

१७७६ साली गेरी वसाहतींच्या काँग्रेसमध्ये फिलाडेल्फियाला गेले. ४ जुलै रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. सह्यांचा कार्यक्रम पुढे ऑगस्टमध्ये सुरू झाला, तेव्हा गेरी तेथे नव्हते. परत आल्यावर त्यांनी आपले नाव लिहिले. ही त्यांची पहिली सही. बंड फसले असते तर त्या कागदावरील प्रत्येक नाव हे फासाचे नाव ठरले असते. पेढी, जहाजे, घर, सारे पणाला लावून केलेली ही सही होती. युद्धकाळात ते काँग्रेसच्या खजिन्याचे काम पाहत आणि शिपायांना वेळेवर पगार, कपडे व अन्न मिळावे म्हणून भांडत.

स्वातंत्र्य मिळाले आणि राज्य कसे चालवायचे हा प्रश्न उभा राहिला. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी शेज नावाच्या पुढाऱ्यामागे बंड केले. न्यायालये बंद पाडली गेली. अशा वातावरणात १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला संविधान परिषद भरली. गेरी तेथे मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी होते. नुकतेच, १७८६ साली, त्यांचे ॲन टॉमसन यांच्याशी लग्न झाले होते आणि केंब्रिज गावी एल्मवुड नावाचे मोठे घर त्यांनी घेतले होते. वय त्रेचाळीस. या परिषदेतील त्यांचे वर्तन पाहिले की माणूस ध्यानात येतो. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकले की देशाचे दुखणे लोकशाहीच्या अतिरेकात आहे, लोक भल्या मनाचे असले तरी त्यांना कोणीही भुलवू शकतो. पण दुसऱ्या बाजूस केंद्राच्या हाती फार सत्ता जाईल, खडे सैन्य ठेवले जाईल, याचीही त्यांना तितकीच धास्ती. जमावही नको आणि राजाही नको, मधली वाट हवी, असा त्यांचा एकंदर सूर.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न परिषदेत इतका तापला की सर्व फिसकटण्याची वेळ आली. लोकसंख्येप्रमाणे जागा द्याव्या असे मोठी राज्ये म्हणत, प्रत्येक राज्याला सारख्या जागा द्याव्या असे लहान राज्ये म्हणत. तोडगा काढण्यासाठी प्रत्येक राज्याचा एक सभासद घेऊन समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद गेरी यांना मिळाले. एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि दुसऱ्यात सर्व राज्यांना सारख्या, ही जी अमेरिकेची आजची रचना, तिची तडजोड या समितीतून आली. म्हणजे प्रतिनिधित्वाचे माप किती नाजूक असते, हे गेरी यांना कोणी शिकवायला नको होते.

संविधानाचा मसुदा पुरा होत आला तेव्हा त्यात नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनदच नाही, हे जॉर्ज मेसन यांनी दाखवले. ती तयार करण्यासाठी समिती नेमावी असा ठराव गेरी यांनी मांडला. एकाही राज्याने त्याला पाठिंबा दिला नाही. शेवटच्या दिवसांत गेरी यांनी आपल्या हरकतींची यादीच वाचली. तीत एक हरकत अशी होती की निवडणुका कोठे घ्याव्यात हे ठरविण्याची सत्ता काँग्रेसच्या हाती देऊ नये. निवडून येणाऱ्यांनीच निवडणुकीची सोय-गैरसोय ठरवू लागले तर ते आपली सोय पाहतील, ही भीती तिच्यामागे होती. पंचवीस वर्षांनी काय घडणार होते ते ठाऊक असलेल्या वाचकाला ही ओळ वाचून गप्प व्हायला होते.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी एकोणचाळीस प्रतिनिधींनी संविधानावर सह्या केल्या. त्या वेळी हजर असलेल्यांपैकी तिघांनी नकार दिला. मेसन, रँडॉल्फ आणि गेरी. ही त्यांची दुसरी सही, जी त्यांनी केलीच नाही. वॉशिंग्टनसारखा पुरुष अध्यक्षस्थानी बसलेला असताना आणि मित्रमंडळी आग्रह करीत असताना नाही म्हणणे सोपे नव्हते. गावी त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. परंतु संविधान मंजूर होताच त्यांनी रुसवा धरला नाही. १७८९ ते १७९३ ते पहिल्या व दुसऱ्या काँग्रेसमध्ये बसले, आणि ज्या हक्कांच्या सनदेसाठी ते अडून बसले होते ती दहा दुरुस्त्यांच्या रूपाने १७९१ साली संविधानाला जोडली गेली. नकारानेही देशाचे भले होते, याचे हे चांगले उदाहरण होय.

पुढे १७९७ साली अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी फ्रान्सशी बोलणी करण्यास तिघांचे शिष्टमंडळ पाठवले. त्यात पिंकनी व मार्शल यांच्याबरोबर गेरी होते. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याच्या मध्यस्थांनी बोलणी सुरू होण्याआधीच लाच मागितली. शिष्टमंडळाने ती दिली नाही. पिंकनी व मार्शल निघून गेले. आपणही गेलो तर युद्ध पेटेल असे वाटून गेरी एकटे मागे थांबले. मायदेशी फेडरॅलिस्ट पक्षाच्या लोकांनी त्यांना फ्रान्सचा हस्तक ठरवले. एल्मवुडच्या घरासमोर रात्री जमाव जमे, त्यांचे पुतळे जाळले जात, आणि घरात पत्नी व लहान मुले एकटी असत. युद्ध टळले, १८०० साली तहही झाला. पण त्या रात्री गेरी विसरले नाहीत. तोवर पक्षापक्षांपासून अलग राहू पाहणारा हा माणूस हळूहळू जेफर्सन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे गेला. (आजच्या अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष तो हा नव्हे. त्याची स्थापना पुढे १८५४ साली झाली.)

मधल्या काळात तिसरी सही येते. तिची हकीकत आपल्या घराघरांत घडते तशीच आहे. भावाच्या देण्याला गेरी जामीन राहिले. भावाचा व्यवहार बुडाला आणि जामीनदाराच्या मानेवर कर्ज आले. मोठे घर, मोठे नाव आणि आतून पोखरलेली तिजोरी अशी त्यांची उत्तरायुष्यातील स्थिती झाली. मोठे कुटुंब पोसायचे होते. आम्ही पराक्राम्य पत्रे आणि हमीचे करार पुस्तकात शिकतो. जामिनकीची सही किती महाग पडते, हे शिकायला गेरी यांचे उदाहरण पुरे आहे. तरीही ही सही त्यांनी प्रेमापोटी केली आणि तिची भरपाई स्वतःच्या खिशातून केली. चौथीची गोष्ट निराळी.

मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदासाठी ते चार वेळा लागोपाठ उभे राहिले आणि चारही वेळा पडले. अखेर १८१० साली ते निवडून आले आणि १८११ साली पुन्हा. त्या काळी तेथे दरसाल एप्रिलमध्ये निवडणूक होई. पहिल्या वर्षी त्यांचा कारभार मवाळ होता. विरोधकांनाही त्यांनी जागेवर ठेवले. पण इंग्लंडशी युद्धाचे ढग जमू लागले होते आणि फेडरॅलिस्ट व्यापाऱ्यांचा त्या युद्धाला कडवा विरोध होता. हे लोक नुसते विरोधक नाहीत, ते देशालाच दगा देतील, असे गेरी यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या वर्षी सूर पालटला. सरकारी जागांवरून फेडरॅलिस्ट हटवून आपले लोक बसवले गेले. विरोधी वृत्तपत्रांवर बदनामीचे खटले भरण्याची भाषा सुरू झाली. विधिमंडळाची दोन्ही सभागृहे आता त्यांच्याच पक्षाकडे होती.

आता राज्याच्या सेनेटची रचना समजून घ्यावी लागेल, त्याशिवाय पुढली गंमत कळणार नाही. सेनेटमध्ये चाळीस जागा. १७८० च्या राज्यघटनेप्रमाणे त्या जिल्ह्यांना वाटल्या जात, त्याही डोकी मोजून नव्हे, तर त्या त्या भागाने भरलेल्या कराच्या प्रमाणात. एका मतदारसंघातून सहापर्यंत सेनेटर निवडता येत. मतदारही मालमत्ता असलेले पुरुष तेवढेच. आजवर बहुतेक ठिकाणी जिल्ह्याची म्हणजे काउंटीची सीमा हीच मतदारसंघाची सीमा मानली जाई. रिपब्लिकन पक्षाच्या चाणाक्ष मंडळींनी ही रूढी मोडली. जेथे विरोधकांचे बळ आहे तेथील त्यांची मते एकाच मतदारसंघात कोंबायची, आणि उरलेल्या भागात आपल्याला थोडक्या आघाडीने अनेक जागा मिळतील अशी रेघ मारायची, असा तो हिशेब.

एसेक्स काउंटीत हा हिशेब उघडा पडला. समुद्राकाठची न्यूबरीपोर्ट, इप्सविच, ग्लॉस्टर ही फेडरॅलिस्ट वळणाची गावे आतल्या बाजूस एकत्र राहिली आणि त्यांच्या भोवताली दुसरा मतदारसंघ विळख्यासारखा आखला गेला. चेल्सी, लिन, सेलेम, डॅनव्हर्स, मिडलटन, अँडोव्हर, मेथ्यूएन, हेवरिल, एम्सबरी आणि शेवटी सॉल्सबरी. चेल्सी हे गाव तर एसेक्स काउंटीतलेही नव्हते, शेजारच्या सफोकमधून ओढून आणलेले. आणि या विळख्यातच, सेलेमच्या शेजारी, मार्बलहेड होते. गेरी यांचे स्वतःचे जन्मगाव.

ही योजना गेरी यांनी रचली नव्हती. त्यांना ती मनापासून नापसंत होती असे त्यांचे जावई व चरित्रकार जेम्स ऑस्टिन यांनी लिहून ठेवले आहे. गव्हर्नराला नकाराधिकार होता. १७८७ साली भल्याभल्यांपुढे सही नाकारणारा हाच माणूस. पण ११ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांनी त्या विधेयकावर सही केली. ही चौथी सही.

बॉस्टनमधील एका मेजवानीत म्हणे कोणा फेडरॅलिस्टाने त्या मतदारसंघाचा नकाशा पाहिला. त्याला डोके, पंख आणि नख्या जोडल्या तर सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याचे रूप येते, असे कोणी म्हणाले. तेव्हा दुसऱ्याने गव्हर्नरचे नाव त्याला चिकटवले. असा गेरीमँडर जन्माला आला. हे विचित्र प्राण्याचे चित्र २६ मार्च १८१२ रोजी बॉस्टन गॅझेट या पत्रात छापले गेले. चित्रकार एल्काना टिस्डेल असल्याचे मानले जाते. हसवणारे चित्र आणि चिकटणारा शब्द, दोन्ही एकदम बाहेर पडले. मग कोण थांबवतो?

एप्रिलमध्ये मतदान झाले. आकडे पाहण्यासारखे आहेत. सेनेटसाठी सर्व राज्यात फेडरॅलिस्टांना ५१,७६६ मते पडली आणि रिपब्लिकनांना ५०,१६४. जागा मिळाल्या त्या फेडरॅलिस्टांना ११ आणि रिपब्लिकनांना २९. कमी मते आणि जवळजवळ पाऊणपट जागा! नफातोट्याचे गणित करावे तसे हे करून पाहिले तर रिपब्लिकनांना एक जागा सरासरी १,७३० मतांना पडली आणि फेडरॅलिस्टांना सुमारे ४,७०६ मतांना. म्हणजे एकाच राज्यात एका नागरिकाच्या मताचे मोल दुसऱ्याच्या मताच्या पावणेतीनपट झाले. कोणाचे मत चोरले नाही, कोणती पेटी फोडली नाही, खोटा मतदार उभा केला नाही. सर्व काही कायदेशीर. केवळ रेघ हलवली.

आणि गेरी? गव्हर्नरपदासाठी साऱ्या राज्याचा एकच मतदारसंघ असतो. तेथे रेघ हलवता येत नाही. त्याच निवडणुकीत केलेब स्ट्राँग यांनी त्यांचा थोड्या मतांनी पराभव केला. खालचे सभागृहही फेडरॅलिस्टांकडे गेले. ज्या कायद्याने पक्षाला सेनेट मिळाले त्याच कायद्याच्या चिडीने गव्हर्नरला घरी बसवले, असे म्हणायला हरकत नाही. पुढल्याच वर्षी तो कायदाही गेला. राहिला तो शब्द.

पक्षाने मात्र त्यांना टाकले नाही. १८१२ साली मॅडिसन यांच्याबरोबर ते अमेरिकेचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले आणि ४ मार्च १८१३ रोजी पदावर आले. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. याच मॅडिसनना पहिल्या काँग्रेसपासून दूर ठेवण्यासाठी पॅट्रिक हेन्री यांनी व्हर्जिनियात प्रतिकूल मतदारसंघ आखवला, असा आरोप पूर्वी झाला होता. म्हणजे ही विद्या गेरी यांच्याही आधीची. मॅडिसन त्या मतदारसंघातूनही निवडून आले म्हणून हेन्रींचे नाव सुटले.

२३ नोव्हेंबर १८१४ रोजी सकाळी वॉशिंग्टन येथे सेनेटकडे जात असताना गेरी यांना गाडीतच झटका आला आणि थोड्या वेळात त्यांचे प्राण गेले. वय सत्तर. मागे कर्ज आणि मोठे कुटुंब. राजधानीतील काँग्रेशनल सिमेटरीत त्यांना पुरले. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी वॉशिंग्टन शहरात चिरविश्रांती घेणारे ते एकटेच. पत्नी ॲन १८४९ पर्यंत जगल्या. जाहीरनाम्याच्या सहीकर्त्यांच्या विधवांपैकी त्या शेवटच्या.

गेरी वाईट होते म्हणून हे घडले असते तर गोष्ट सोपी होती. तसे नव्हते. आयुष्यभर ते सत्तेला लगाम हवा असे सांगत आले. अडचण एवढीच झाली की समोरचा पक्ष देशाचा शत्रू आहे अशी त्यांची एकदा खात्री पटली आणि मग लगाम आपल्या हाताला नको, त्यांच्याच हाताला हवा, असे त्यांना वाटू लागले. नियम मोडणारे सगळेच लबाड नसतात. पुष्कळदा ते स्वतःला देशाचे तारणहार समजत असतात. आणि नापसंत असतानाही केलेली सही ही आवडीने केलेल्या सहीइतकीच बांधून ठेवते. कायद्याच्या कागदावर मनातला नकार उमटत नाही.

अमेरिकेत हा रोग अजून गेलेला नाही. राज्यांच्या विधिमंडळाच्या मतदारसंघांत लोकसंख्या सारखी असली पाहिजे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दिला. म्हणजे जन्मापासून दीडशेहून अधिक वर्षांनी. पण सारखी लोकसंख्या ठेवूनही रेघ वाकडी मारता येते. पक्षहितासाठी आखलेल्या सीमांचा वाद केंद्रीय न्यायालयांनी सोडवायचा नाही, असे त्याच न्यायालयाने २०१९ साली ठरवले. पूर्वी कागदावर पेन्सिलीने जे होई ते आता संगणकावर गल्लीगल्लीचा हिशेब करून होते.

आपल्याकडे घटनाकारांच्या पिढीने निराळी वाट धरली. १९५२ पासून मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी वेगळा आयोग कायद्याने नेमला जातो. २००२ च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. खासदार व आमदार त्यात सहयोगी सभासद म्हणून बसतात, म्हणणे मांडतात, पण त्यांना मत देता येत नाही. मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती मागवल्या जातात. उचगावचे नाव गेले आणि बेळगाव ग्रामीण आले ते या आयोगाच्या आखणीप्रमाणे. ती आखणी सर्वांना आवडली असेल असे नाही. पण ज्याला निवडून यायचे आहे त्याच्या हाती पेन्सिल नव्हती, हा फरक लहान नाही.

सीमेवरच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, मग आपण या अंकाचा मराठी विभाग वाचत असू की कन्नड, नकाशावरच्या रेघेचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पुढल्या वेळी मतदारसंघांची फेररचना होईल आणि हरकतींसाठी मसुदा प्रसिद्ध होईल, तेव्हा तो कोणीतरी मुदतीत वाचला पाहिजे. वाचणारे आपणच असायला काय हरकत आहे?

जाता जाता एक गोष्ट. गेरी यांच्या नावाचा खरा उच्चार गेरी असाच आहे, गाडीतल्या ग सारखा. पण त्यांच्या नावावरून झालेला शब्द जग जेरीमँडर असा उच्चारते. ज्या सहीने त्यांचे नाव शब्दकोशात गेले, तिने ते नावही धड शिल्लक ठेवले नाही.